वर चढल्यानंतरचं पहिलं वर्ष

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब असतात, हे आता आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. मँचेस्टर, लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी ही नावं पाठीवर मिरवत ती गल्लीत खेळत असतात. पण या विसांतल्या शेवटच्या तिघांना दर वर्षी मे महिन्यात खालच्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये पाठवलं जातं आणि तिथले तीन क्लब त्यांच्या जागी वर येतात, याकडे आपलं फारसं लक्ष नसतं. आपल्याला सवय क्रिकेटची. आयपीएलमध्ये तळाला गेलेला संघ पुढच्या वर्षी तितक्याच थाटात लिलावाच्या टेबलाशी बसतो. रणजी करंडकात एलिट आणि प्लेट असे गट आहेत खरे, पण प्लेटमधून वर आलेल्या संघासाठी कुणी रात्र जागवल्याचं ऐकिवात नाही. इंग्लंडात जागवतात. बढती मिळाली की गावभर मिरवणूक निघते, उघड्या बसवरून खेळाडू हात हलवतात, म्हातारी माणसं रडतात. आणि ऑगस्टात नवा हंगाम सुरू झाला की पहिल्या महिन्याभरातच त्या गावाला घाम फुटू लागतो.

मला आज या वर आलेल्या तिघांविषयी बोलायचं आहे. त्यांनी पहिलं वर्ष काढायचं कसं? विजेत्यांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. सतराव्या क्रमांकाविषयी कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते या खेळातली खरी झुंज त्या सतराव्या जागेसाठी चालते.

आधी अलीकडचे आकडे पाहू. २०२३-२४ च्या हंगामात ल्यूटन टाउन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड हे तीन क्लब वर आले होते. तिघेही वर्षभरात परत गेले. ल्यूटनचे २६ गुण, बर्नलीचे २४, शेफील्डचे १६. शेफील्डने ३८ सामन्यांत १०४ गोल खाल्ले. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन आले. लेस्टरला २५ गुण मिळाले, इप्सविचला २२ आणि साउदॅम्प्टनला अवघे १२. तेही तिघं परत. प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाली; वर आलेले तिन्ही क्लब एकाच वर्षात खाली जाण्याचा प्रकार त्याआधी एकदाच, १९९७-९८ मध्ये घडला होता. लागोपाठ दोन वर्षं तर कधीच नाही. साहजिकच लोक म्हणू लागले की आता या शिडीची वरची पायरीच कुणीतरी काढून घेतली आहे.

हे निम्मं खरं आहे. कारण २०२२-२३ मध्ये फुलहॅम, बोर्नमथ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट हे वर आलेले तिघेही टिकले होते. २०१७-१८ मध्येही न्यूकॅसल, ब्रायटन आणि हडर्सफील्ड तिघेही टिकले. म्हणजे हे काही कपाळावर लिहून आलेलं नाही.

निम्मं खरं कशामुळे, तर पैशामुळे. प्रीमियर लीगमध्ये तळाला राहणाऱ्या क्लबलाही एका हंगामाचे दहा कोटी पौंडांहून जास्त मिळतात, मुख्यतः टीव्हीच्या हक्कांमधून. आपल्या हिशेबात हजार कोटी रुपयांच्या वर. खालच्या श्रेणीत यातला फार थोडा वाटा पोचतो. शिवाय तोट्याचा नियम आला. वर मुरलेल्या क्लबला तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपर्यंत तोटा दाखवता येत होता; पण त्यातलं जे वर्ष खालच्या श्रेणीत गेलं त्याची मर्यादा फार कमी धरली जाई. फॉरेस्टच्या वाट्याला म्हणून ६.१ कोटीच आले. ते ओलांडले म्हणून मार्च २०२४ मध्ये त्यांचे चार गुण कापले गेले. श्रीमंताच्या घरी लग्नाला गेलेल्या गरीब पाहुण्याला आहेर मात्र बरोबरीचा करायचा, पण कर्ज काढायला बंदी, असा हा मामला. नियमामागचा हेतू चांगला होता, क्लब बुडू नयेत हा. पण त्याची झळ कुणाला लागली ते उघड आहे.

पैसा सोडून उरतं ते काय? उरतो तो थोडा हिशेब आणि पुष्कळसा स्वभाव.

हिशेब असा. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. जुने जाणकार सांगत आले की चाळीस गुण झाले की सुटलात. हा आकडा आता पवित्र होऊन बसला आहे. प्रत्यक्षात २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण घेऊन खाली गेला, तर २००४-०५ मध्ये वेस्ट ब्रॉमविच ३४ गुणांवर वाचला. आणि २०२४-२५ मध्ये तर अठरावा क्लब २५ वरच थांबला होता. साधारणपणे सामन्यामागे एक गुण पडला तर माणूस वाचतो असं धरून चालू. ३८ सामने, ३८ गुण. फॉरेस्टने २०२२-२३ मध्ये नेमके तेवढेच मिळवले. ९ विजय, ११ बरोबरी आणि १८ पराभव.

या शेवटच्या आकड्यावर जरा थांबा. अठरा पराभव! जवळजवळ दर दुसऱ्या शनिवारी हरून हा संघ सोळावा आला आणि त्याच्या गावात आनंदीआनंद झाला.

माझं म्हणणं सगळं या अठरात आहे. बढती मिळवून आलेला संघ हा जिंकायची सवय झालेला संघ असतो. बर्नलीचंच घ्या. २०२२-२३ मध्ये खालच्या श्रेणीत त्यांनी ४६ सामन्यांत १०१ गुण मिळवले, आणि हरले किती, तर फक्त तीन. दहा महिन्यांत तीन पराभव. मग हाच संघ वर गेला आणि ३८ पैकी २४ सामने हरला. तीनवरून चोवीसवर. त्या पोरांच्या मनाचं काय झालं असेल? पराभवाची चव विसरलेल्या माणसाला एकदम रोज तेच जेवण. वर आलेल्या संघाला जिंकायला कुणी शिकवावं लागत नाही. त्याला नीट हरायला शिकावं लागतं. नीट म्हणजे ०-५ ऐवजी ०-१ ने, हरल्यावर सोमवारी सकाळी सरावाला भांडणाशिवाय येणं, आणि पुढच्या शनिवारी समोर आपल्याच तोलाचा संघ असेल तर त्याच्याकडून तीन गुण काढून घेणं. मोठ्यांकडून हरलं तर चालतं, बरोबरीच्यांकडून हरणं महागात पडतं.

साउदॅम्प्टनची गोष्ट यासाठी ऐकण्यासारखी आहे. रसेल मार्टिन हे त्यांचे प्रशिक्षक. खेळाविषयी त्यांची एक ठाम कल्पना होती. चेंडू लांब भिरकावायचा नाही. गोलरक्षकापासून छोट्या छोट्या पासांनी, शांतपणे, पुढे न्यायचा. दिसायला हे फार देखणं. खालच्या श्रेणीत ते चाललं, कारण तिथले आघाडीवीर तितक्या वेगाने अंगावर येत नाहीत आणि आलेच तर चूक झाल्यावर गोल होतोच असं नाही. वरच्या श्रेणीत मात्र आपल्याच गोलसमोर एक पास चुकला की संपलं. दर आठवड्याला तेच घडत होतं, आणि दर आठवड्याला संघ पुन्हा तसाच खेळत होता. सोळा सामन्यांत पाच गुण. डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच्या मैदानावर टॉटनहॅमविरुद्ध मध्यंतरालाच ०-५ अशी अवस्था झाली आणि त्या रात्री मार्टिन यांना निरोप मिळाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सात सामने बाकी असतानाच, क्लब खाली गेला. इतक्या लवकर प्रीमियर लीगमध्ये कुणीच गेलं नव्हतं.

सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही, असं कुणी म्हणेल. मला थोडी सहानुभूती आहे. मी कवितेच्या धंद्यातला माणूस. आपल्या मोहल्ल्यातल्या मैफलीत ज्या तरन्नुमवर दाद मिळते, तोच तरन्नुम घेऊन शायर पहिल्यांदा मोठ्या मुशायऱ्यात उभा राहतो. दाद येत नाही. मग तो काय करतो? तेच आणखी मोठ्याने म्हणतो. बैठकीत जाणता कुणी असेल तर तो खालून हळूच सांगतो, मियाँ, दोनच शेर म्हणा आणि बसा. साउदॅम्प्टनला असं सांगणारं कुणी भेटलं नाही.

गंमत पाहा, खाली जाणं पक्कं झाल्यावर मे महिन्यात याच संघाने मँचेस्टर सिटीला ०-० असं रोखलं. नव्वद मिनिटं नुसता बचाव. त्या एका गुणाने त्यांचे बारा झाले आणि डर्बी काउंटीचा २००७-०८ मधला अकरा गुणांचा नीचांक त्यांच्या नावावर लागायचा वाचला. जे मे महिन्यात जमलं ते सप्टेंबरात का नाही केलं, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनी नक्कीच विचारला असेल.

आता उलट उदाहरण, आणि तेही बर्नलीचंच. पण सात वर्षं आधीचं. बर्नली हे लँकेशायरमधलं लाखाच्या आतल्या वस्तीचं गाव. एकेकाळी मागांचं गाव. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा तो मुंबई बंदरातून गेला आणि मुंबईत पैशाचा पूर आला, हे आपल्याला माहीत आहे. तिथल्या गिरण्या बंद पडल्या, आपल्याही पडल्या. ज्याने भिवंडी-मालेगावचा माग ऐकला आहे त्याला बर्नलीचा खेळ कळायला वेळ लागू नये. खटखट, खटखट, एकसुरी, पण धागा तुटू द्यायचा नाही.

शॉन डाइच तेव्हा प्रशिक्षक होते. चार-चार खेळाडूंच्या दोन सरळ रांगा गोलसमोर लावायच्या, मधली जागा बंद ठेवायची, समोरच्याला चेंडू हवा तेवढा खेळू द्यायचा, आणि तो चुकला की दोन पासांत पलीकडे. ऑगस्ट २०१६ मध्ये लिव्हरपूल टर्फ मूरवर आला. सामन्याच्या पाच भागांपैकी चार भाग चेंडू लिव्हरपूलच्या पायांत होता. निकाल बर्नली २, लिव्हरपूल ०. व्होक्सने एक मारला, ग्रेने एक. त्या हंगामात बर्नलीने ४० गुण मिळवले. त्यातले ३३ घरच्या मैदानावरचे. बाहेर जाऊन वर्षभरात एकच सामना जिंकला. याला कुणी सौंदर्य म्हणणार नाही. पण टॉम हीटन गोलमध्ये, बेन मी आणि मायकेल कीन त्याच्या पुढे, ही माणसं दर शनिवारी तिथेच उभी असत. टिकायचं असेल तर पहिला पैसा गोलरक्षकावर आणि दोन मधल्या बचावपटूंवर घालावा असं मला वाटतं. आघाडीवीर वर्तमानपत्रात छापून येतो, गोलरक्षक गुणतक्त्यात दिसतो.

घरच्या मैदानाचा मुद्दा थोडा वाढवतो. फॉरेस्टनेही २०२२-२३ मध्ये बाहेर एकच सामना जिंकला, बाकीचे आठ विजय घरचे. छोट्या क्लबला बाहेरच्या मैदानावर शौर्य गाजवायची गरज नसते. आपलं अंगण राखलं तरी पुरतं. अर्थात अंगण असून भागत नाही. ल्यूटनचं केनिलवर्थ रोड हे मैदान बरी पार्क नावाच्या वस्तीत आहे, जिथे आपल्या उपखंडातून गेलेली मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. पाहुण्या चाहत्यांचं एक प्रवेशद्वार चाळीसारख्या घरांच्या रांगेतून जातं. जिना चढताना लोकांच्या परसातले वाळत घातलेले कपडे दिसतात. बारा हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढंच ते मैदान. मँचेस्टरचे कोट्यधीश खेळाडू तिथे येऊन बिचकतील अशी सगळ्यांची अटकळ होती. काही बिचकलेही. तरी ल्यूटनला सव्वीसच गुण पडले. मैदान मदत करतं, गोल अडवत नाही.

दुसरी गोष्ट थांबलेल्या चेंडूची. कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो-इन. खेळ चालू असताना मोठ्या क्लबचा खेळाडू लहान क्लबच्या खेळाडूपेक्षा सरस असतो, त्याला इलाज नाही. पण चेंडू थांबला की सगळे उभे असतात, आणि कुणी कुठे धावायचं हे आधी घोकून ठेवता येतं. इथे अभ्यासाने पैशावर मात करता येते. ब्रेंटफर्डने हे ओळखलं. लंडनच्या पश्चिमेचा हा क्लब १९४७ नंतर थेट २०२१ मध्ये वरच्या श्रेणीत आला. त्याचा मालक मॅथ्यू बेनहॅम सट्ट्याच्या आकडेशास्त्रातून पैसा मिळवलेला, त्यामुळे क्लबात भावनेपेक्षा आकड्यांना मान. १३ ऑगस्ट २०२१, हंगामातला पहिलाच सामना, समोर आर्सेनल. ब्रेंटफर्ड २-० जिंकलं, आणि दुसरा गोल एका लांब थ्रो-इनवरून, नॉरगार्डच्या डोक्याने. हिवाळ्यात हा संघही गडगडला होता. पण थॉमस फ्रँक यांना कुणी हलवलं नाही. जानेवारीत त्यांनी ख्रिस्तियन एरिक्सनला घेतलं, जो सहा-सात महिन्यांपूर्वी युरो स्पर्धेत हृदय बंद पडून मैदानावर कोसळला होता. दुसरं कुणी हात लावायला धजत नव्हतं. ब्रेंटफर्ड तेरावं आलं, ४६ गुणांसह.

आता खेळाडू किती घ्यावेत? यावर दोन टोकांची उदाहरणं आहेत. फुलहॅमने २०१८ मध्ये वर येताच खेळाडूंवर दहा कोटी पौंडांहून जास्त ओतले. वर आलेल्या कुठल्याही क्लबने तोवर इतके खर्चले नव्हते. बरेचसे सौदे खरेदीच्या शेवटच्या दिवसांत. वर ज्यांनी आणलं ती पोरं बाकावर बसली, नवे एकमेकांना ओळखेनात. नोव्हेंबरात प्रशिक्षक बदलला. क्लॉडिओ रानिएरी आले, जे दोनच वर्षांपूर्वी लेस्टरला विजेतेपद देऊन बसले होते. फेब्रुवारीत तेही गेले. शेवटी २६ गुण. यावरून शिकवण अशी निघाली की बाजारात गर्दी करू नये.

मग २०२२ मध्ये फॉरेस्ट आलं आणि त्यांनी वर्षभरात तीसच्या आसपास खेळाडू घेतले. सगळ्यांनी हसून घेतलं. ऑक्टोबरात संघ तळाला होता. सगळ्या जगाने गृहीत धरलं की स्टीव्ह कूपर आता जाणार. क्लबने त्या आठवड्यात त्यांचा करार वाढवला! मला वाटतं त्या सहीने फॉरेस्ट वाचलं. तीस अनोळखी माणसांना निदान एक ओळखीचा चेहरा समोर राहिला. जानेवारीत गोलरक्षक हेंडरसन जायबंदी झाल्यावर त्यांनी पॅरिसहून केलोर नवासला आणलं. २० मे २०२३ रोजी आवोनियीच्या एका गोलवर आर्सेनलला १-० हरवून त्यांनी आपली जागा पक्की केली. त्याच निकालाने मँचेस्टर सिटीचं विजेतेपदही ठरलं, पण नॉटिंगहॅममध्ये त्याची कुणाला फिकीर होती!

तरी प्रशिक्षक बदलूच नये असा नियम मी करणार नाही. त्याच हंगामात बोर्नमथ लिव्हरपूलकडून ०-९ हरलं आणि तीन दिवसांत स्कॉट पार्कर यांना काढण्यात आलं. पराभवानंतर पार्करनी आपल्या संघाची तयारीच या पातळीची नाही अशा अर्थाचं काहीबाही बोलून घेतलं होतं. गॅरी ओ'नील हंगामी म्हणून आले आणि त्यांनी संघ पंधराव्या जागी नेऊन ठेवला. नऊ गोल खाऊन हरणं एक वेळ चालेल, पण हरल्यावर आपल्याच पोरांना चारचौघांत नालायक ठरवणं चालत नाही. नीट हरणं मी म्हणतो त्यात हेही येतं.

हल सिटीचा २००८-०९ चा हंगाम आठवतो. पहिल्या नऊ सामन्यांत २० गुण, आर्सेनलला त्यांच्या मैदानावर हरवलेलं. मग नाताळच्या दुसऱ्या दिवशी मँचेस्टर सिटीत मध्यंतराला ०-४ झाल्यावर प्रशिक्षक फिल ब्राउननी खेळाडूंना आत न नेता मैदानावरच, चाहत्यांसमोर, खाली बसवून झापलं. उरलेल्या हंगामात ती टीम जवळजवळ जिंकलीच नाही. ३५ गुणांवर, एका गुणाने वाचली, तेही शेवटच्या दिवशी न्यूकॅसल हरलं म्हणून. ऑगस्ट-सप्टेंबरात कमावलेली शिदोरी त्यांनी मेपर्यंत पुरवून खाल्ली. वर आलेल्या संघाची पहिल्या दोन महिन्यांत एक नवलाई असते, कुणी त्यांना नीट ओळखत नसतं. ती संपण्याआधी जेवढं पदरात पडेल तेवढं पाडून घ्यावं.

लेस्टरने याच्या उलट केलं. २०१४-१५ मध्ये ते १४० दिवस तळाला होते. नायजेल पिअर्सन राहिले. चौतिशीतला एस्तेबान कांबियासो, ज्याने इंटरबरोबर युरोपचं विजेतेपद घेतलं होतं, तो त्या अपयशात रोज शांतपणे खेळत राहिला. शेवटच्या नऊ सामन्यांपैकी सात जिंकून ते चौदावे आले. पुढच्या वर्षी काय झालं ते साऱ्या जगाला माहीत आहे. अशा संघात वयाने मोठा, पूर्वी बरंच काही जिंकलेला आणि म्हणून हरण्याला न घाबरणारा एक तरी माणूस लागतो.

इथे मला एका हरलेल्या संघाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. ब्लॅकपूल, २०१०-११. इयन हॉलोवे प्रशिक्षक. खिशात दमडी नाही आणि खेळायचं तर पुढेच. ५५ गोल केले, ७८ खाल्ले. लिव्हरपूलला दोन्ही वेळा हरवलं. ३९ गुण करूनही शेवटच्या दिवशी खाली गेले. मी आतापर्यंत जे सांगितलं त्यातलं एकही त्यांनी पाळलं नाही, आणि तरीही तो संघ मला इतरांपेक्षा जास्त आठवतो. मात्र पुढच्या पाच वर्षांत तो क्लब चौथ्या श्रेणीपर्यंत घसरला, हेही सांगायला हवं.

कारण खरं संकट पहिल्या घसरणीत नसतं, दुसरीत असतं. वरच्या पगारावर घेतलेले खेळाडू, खालचं उत्पन्न. खाली गेलेल्या क्लबला दोन-तीन वर्षं मदत म्हणून पैसे मिळतात, त्याला पॅराशूट पेमेंट म्हणतात. पण हवाई छत्री उघडायला अंगावर ओझं कमी असावं लागतं. सुजाण क्लब करारातच लिहून ठेवतात की खाली गेलो तर पगार इतका कमी होईल. सगळेच ठेवत नाहीत. सुंदरलँड २०१७ मध्ये खाली गेलं आणि २०१८ मध्ये आणखी खाली. ल्यूटन २०२४ मध्ये गेलं, २०२५ मध्ये आणखी खाली. अशा वेळी आधी कँटीनमधल्या बाया आणि तिकीट खिडकीवरची माणसं घरी बसतात, त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत. आपल्या पुण्याच्या वेंकीज समूहाने २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत केवढं कौतुक झालं. १९९२ मध्ये वर येऊन तीन वर्षांत विजेता झालेला तो क्लब. २०१२ मध्ये तो खाली गेला आणि २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत. तिथून एका वर्षात दुसऱ्या श्रेणीत परतला, हेही खरं.

नीट पडण्याचा धडा पुन्हा बर्नलीने दिला. २०१४ मध्ये ते वर आले, २०१५ मध्ये ३३ गुणांवर खाली गेले. डाइचना काढलं नाही. मिळालेला पैसा उधळला नाही, सरावाच्या मैदानाची नवी इमारत उभी करायला घेतली. एका वर्षात विजेते होऊन परत वर, आणि मग २०२२ पर्यंत, सलग सहा हंगाम, तिथेच. म्हणजे त्यांच्या बाबतीत टिकण्याची सुरुवात पडण्यापासून झाली होती.

सुंदरलँड तिसऱ्या श्रेणीत चार वर्षं राहिलं. एकूण आठ वर्षांनी, २०२५ मध्ये, ते पुन्हा वर आलं. जहाजं बांधणारं आणि कोळसा काढणारं ते शहर. त्यांचं मैदान एका बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या जागेवर उभं आहे आणि बाहेर खाणकामगाराच्या कंदिलाचं स्मारक आहे. त्या उन्हाळ्यात त्यांनी खेळाडू पुष्कळ घेतले, आणि त्यात लेव्हरकुसेनहून ग्रॅनिट झाकाला आणलं. बत्तिशीचा, जर्मनीत विजेतेपद घेतलेला, आर्सेनलमध्ये असताना चाहत्यांच्या शिव्या खाऊन पुन्हा त्यांचा लाडका झालेला मध्यरक्षक. आल्या आल्या त्याला कर्णधार केलं. ऑगस्टात पहिल्याच सामन्यात वेस्ट हॅमवर ३-० असा विजय मिळाला. नोव्हेंबरात आर्सेनल त्या मैदानावर आलं, तोवर कितीतरी सामने त्यांनी एकही गोल खाल्ला नव्हता. सुंदरलँडने आधी गोल केला, मग दोन खाल्ले. घड्याळ नव्वदीच्या पुढे गेलं. लांबून आलेला एक चेंडू बॅलर्डने डोक्याने गोलसमोर वळवला आणि ब्रॉबीने हवेत पाय फेकून तो आत घातला. २-२. एक गुण.